पोरी, पट्ट्या आणि उल्हास नदी

उल्हास नदी मी वीसेक वर्षं शिकवते आहे. उगम खंडाळ्याच्या घाटात, मग कर्जत, बदलापूर, कल्याण आणि शेवटी वसईची खाडी. फळ्यावर ती इतक्या वेळा काढली आहे की डोळे मिटूनही तिची वळणं बरोबर येतील. पण त्या नदीत मी कधी पायाचा अंगठासुद्धा बुडवला नव्हता. पाण्याची मला भीती वाटते. ही गोष्ट मी एकदा नवऱ्यापाशी विश्वासाने बोलले होते आणि तो ती घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

अशा बाईने दिवाळीच्या सुट्टीत खळाळत्या पाण्यात होड्या चालवायच्या शिबिराला का जावं, हे मला परत आल्यापासून अंबरनाथ पश्चिमेतला निम्मा भाजीबाजार विचारतो आहे. त्यांच्यासाठीच हे लिहिते.

सुरुवात गौरीने केली. गौरी बदलापूरची, तिशीची, काटक अंगाची मुलगी. उत्तरेत गंगेवर कयाक चालवायला शिकली आणि तिथेच नोकरी करायची सोडून परत आली. कयाक म्हणजे एका माणसाची लांबोडकी बंद होडी. मध्ये फक्त बसण्यापुरतं भोक असतं, पाय आत सोडायचे आणि दोन्हीकडे पातं असलेलं वल्हं मारायचं. उल्हासनगर-अंबरनाथच्या वस्त्यांमधल्या मुलींना हे फुकट शिकवायचं, असं तिने डोक्यात घेतलं होतं. आमच्या शाळेत येऊन ती बोलली तेव्हा पोरींचे हात भराभर वर गेले. पालकांचे गेले नाहीत. झोपणार कुठे, बाथरूमला दार आहे का, आणि सगळ्यात शेवटी, ओळखीची बाई सोबत आहे का?

या शेवटच्या प्रश्नावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दीक्षाच्या आईने तर स्पष्टच सांगितलं, "बाई, तुम्ही जाणार असाल तर माझी येईल. नाहीतर नाही."

दीक्षा आमच्याच शाळेतून दहावी झालेली. आता अकरावीत होती, पण नावापुरती. उल्हासनगरच्या कॅम्पात, म्हणजे निर्वासितांच्या जुन्या वस्तीत त्यांची खोली, खोलीत जीन्स शिवायचं मशीन. आई लताबाई शिवणार आणि दीक्षा शिवलेल्या जीन्सचे लोंबणारे धागे कापणार, हे काम ती पहिली-दुसरीत असल्यापासून करत आली होती. आता माल वाढला होता. दिवाळीनंतर दीक्षाने कॉलेज सोडून पूर्ण वेळ कामाला बसायचं, असं घरात ठरत आलं होतं. मध्ये एकच फट होती. शिबिरातली एक मुलगी गौरी पुढच्या हंगामाला मदतनीस म्हणून घेणार होती. शनिवार-रविवार काम, त्याचा मोबदला, आणि बाकीचे दिवस मोकळे. दीक्षाची निवड झाली तर ती कॉलेजचा खर्च स्वतः उचलेल, मग विचार करू, असं लताबाई म्हणाल्या होत्या. विचार करू, एवढंच.

मोरिवली

अंबरनाथच्या मोरिवलीत टेम्पो उभा राहिला तेव्हा कारखान्यांचा सकाळचा वास सुटला होता. आम्हाला तो वास येत नाही. पाहुणा आला आणि त्याने नाक धरलं की मग आठवतो. दहा-बारा पोरी, त्यांच्या पिशव्या, पिशव्यांतून डोकावणारे चकल्यांचे डबे आणि प्रत्येकीमागे घरचे दोघं-तिघं. मुस्कान इथलीच, मोरिवलीची, तोंडाने सगळ्यांत तेज. तिच्या अब्बांनी गौरीचं एक हेल्मेट हातात घेऊन बोटाने ठोकून पाहिलं, आपल्या मोटरसायकलच्या हेल्मेटवर ठोकून पाहिलं, आणि "ये अच्छा है" असा निकाल दिला.

लताबाई एक भलं मोठं गाठोडं घेऊन आल्या होत्या.

"जय भीम, बाई. हे मॅडमचं काम. मापात केलंय बघा."

गाठोड्यात कव्हरं होती. कयाकमध्ये बसलं की जाड रबरी कापडाचं एक झाकण कमरेभोवती घालतात आणि त्याची कड होडीच्या भोकावर ताणून बसवतात, म्हणजे आत पाणी शिरत नाही. जुनी कव्हरं फाटली होती. बाहेरून आणायची म्हणजे गौरीला परवडण्यातली नव्हती. जीन्सच्या मशीनवर हे जाड कापड शिवता येईल असं तिला सुचलं आणि नमुना देऊन तिने ते काम लताबाईंना दिलं.

"मेलं सुईला चिकटतंय ते रबर," लताबाई म्हणाल्या. "पण एक टाका उसवला तर नाव बदलीन."

दीक्षा शेजारी उभी होती. आईच्या या वाक्यावर ती जरा ताठ झाली, हे मी पाहिलं.

वांगणीच्या पुढे

वांगणी मागे पडलं की स्वस्त घरांच्या जाहिराती संपतात आणि शेतं सुरू होतात. भातकापणी चालली होती. कापलेल्या भाताचा तो ओलसर, गोडूस वास टेम्पोत शिरला तशा पोरी गप्प झाल्या, आणि पोरी गप्प झाल्या म्हणजे काहीतरी विशेष असतं.

नदीकाठच्या एका घराच्या पडवीत आमचा मुक्काम होता. घर हिराबाईंचं. साठीच्या असतील, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आवाज नदीपलीकडे जाणारा. माझं तोंड बघून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कनाला घाबरतंस गो? नदी काय खाते का?"

मी म्हटलं, मी फक्त सोबत आले आहे.

घराच्या मागे गेलो आणि नदी दिसली. वर वीजघरातून सोडलेलं पाणी होतं, त्यामुळे दिवाळी उलटली तरी पात्र भरलेलं. घरासमोर डोह, संथ आणि हिरवा. खाली थोड्या अंतरावर खडकांमधून पाणी एकदम घुसत होतं आणि पांढरं होऊन गरगरत होतं. मुस्कान बघतच राहिली.

"बाई, ये भी नदी है? आणि आपल्याकडे वालधुनी, ती पण नदीच?"

वालधुनी अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहते. तिच्यावर फेस असतो आणि पाण्याचा रंग दिवसादिवसाला बदलतो. या पोरींच्या लेखी नदी म्हणजे ज्यावरून नाक दाबून पुलाने जायचं ती. भूगोलाच्या तासाला मी त्यांना नदी म्हणजे काय ते व्याख्येसकट सांगितलं होतं. त्यांनी पाठही केलं होतं. त्या दिवशी काठावर बसून प्रत्येकीने पाणी हातात घेऊन बघितलं, वास घेऊन बघितला. मला बरं वाटलं आणि रागही आला. घरापासून एवढ्या जवळ हे पाणी होतं आणि इथवर पोचायला यांना एवढी वर्षं लागली.

गौरीने पोरींना रांगेत बसवलं आणि नियम सांगितले. ती एरवी हसरी आहे, पण नियम सांगताना तिचा चेहरा बदलतो. मी समोर नसेन तर कोणी पाण्यात जायचं नाही. जॅकेटशिवाय काठावर यायचं नाही. आणि सामानाशी खेळायचं नाही. "हेल्मेट, जॅकेट, दोर, कव्हर. यातल्या कशात मला न विचारता फेरफार केला, तर त्याच दिवशी घरी. मग ती कोणीही असो."

जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वाटाण्याची पातळ उसळ. आमच्या घरी ज्वारीची भाकरी, मूळ घाटावरचं घर. तांदळाची भाकरी मला नेहमी पाहुण्यासारखी वाटायची, मऊ आणि जपून वागणारी. हिराबाईंनी ती चुलीवर अशी फुगवली की मी चौथी मागून घेतली. फराळाचे डबे उघडले गेले. दीक्षाच्या घरी फराळ नव्हता, पण शेजारच्या सिंधी काकींनी तिला शेवेची मिठाई बांधून दिली होती. हिराबाईंनी ती चाखली, आणि शेव गोड कशी, याच्यावर बराच वेळ विचार केला.

डोह

पहिले दोन दिवस डोहातच गेले. होडीत बसायचं, वल्हं मारायचं, पडायचं. पोरी इतक्या पडल्या की पडण्याची लाज संपली. कव्हरं अजून गाठोड्यातच होती, ती नंतर, होडी हातात बसल्यावर.

दीक्षा मात्र पडत नव्हती. तिचं बसणंच वेगळं. पाठ सरळ, हात शांत, आणि डोळे पुढच्या पाण्यावर. गौरीने पोरींना एक युक्ती शिकवली. कोणी उलटलं, तर त्याने खालून बुडावर थापा मारायच्या आणि जवळच्याने आपली होडी त्याच्या होडीला भिडवायची, तिच्या पालथ्या बुडावर आडवं पडायचं, पलीकडची कड दोन्ही हातांनी धरायची आणि सगळा भार टाकून आपल्याकडे खेचायची. होडी माणसासकट सुलटी होते. बाकीच्यांना हे जमेपर्यंत दुपार झाली. दीक्षाने दुसऱ्या खेपेला मुस्कानला वर आणलं. मुस्कान नाकातोंडातून पाणी काढत म्हणाली, "अरे आराम से, मैं बोरी है क्या?"

त्या संध्याकाळी भांडी घासताना दीक्षाने मला विचारलं, "बाई, गौरीताई कोणाला घेतील?"

"मला कसं कळणार?"

"मला घेतलं तर मी बारावी करेन. पुढचं पण करेन." ती कढई राखेने जोरात घासत होती. "नाही घेतलं तर आई वाईट नाही बाई. ती पण काय करणार."

तिच्या आईला वाईट ठरवायला मी तयार होते, आणि पोरीने आधीच दार लावून घेतलं.

उलटी

तिसऱ्या दिवशी दुपारी गौरीने कव्हरं बाहेर काढायला सांगितली. जेवणानंतर, ऊन कडक आहे तोवर जरा पडू आणि मग बसवून बघू, असं ठरलं. सगळ्या पडवीत आडव्या झाल्या. मी सुद्धा. दीक्षा पायरीवर कव्हरांचा ढीग घेऊन बसली होती, एवढं मला झोपेच्या आधी दिसलं. कामाची सवय, म्हटलं, मोजत असेल.

उठल्यावर पोरींनी गलका केला. आज बाई बसणार. बाई रोज नुसत्या काठावर. मी नाही म्हणत होते तर मुस्कान म्हणाली, "तुम्हीच वर्गात बोलायच्या ना, चुकलं तर चुकलं, हात वर करा?" मी हात वर केला.

गौरीने दीक्षाला आधीच डोहाच्या मध्यावर होडी घेऊन उभं केलं होतं, कोणी पडलं तर जवळ असावं म्हणून. काठावर तिने स्वतःचं कव्हर उचलून दाखवलं. पुढच्या बाजूला एक पट्टी लोंबत होती. "ही बाहेर राहिली पाहिजे. उलटलात की ही ओढायची. कव्हर सुटतं आणि माणूस बाहेर येतो. ही तुमची कडी आहे." मी मान डोलावली. माझं लक्ष पाण्याकडे होतं. मुस्कानने ढिगातलं एक कव्हर मला घातलं आणि ते एवढं अंगाला घट्ट बसलं की मी वरून ओढणी गुंडाळली. पोट झाकायला. काय करणार, सवय.

"बाई, ओढणी काढा," गौरी म्हणाली.

"राहू दे गं."

ती थांबली. दुसरी कोणी असती तर ओढणी जाग्यावर सुटली असती. पण मी बाई. "पट्टी बाहेर आहे ना?"

"आहे, आहे," मी म्हटलं. न बघता.

होडी पाण्यात गेली आणि मला एकदम फार छान वाटलं. पाणी कमरेच्या पातळीवर, झाडं उलटी, आणि मी तरंगते आहे! हे नवऱ्याला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत मी वळून काठाकडे हात हलवला, आणि जग फिरलं.

खाली हिरवं होतं. गार होतं. कानात नुसता घूं आवाज. मी ओटीपोटापाशी हात नेला, ओढणी हाताला लागली, ओढणीखाली कव्हर लागलं, पट्टी लागेना. पुन्हा चाचपलं. गुळगुळीत. पाय आत अडकलेले. त्या वेळी मला जे वाटलं ते मी सुंदर करून सांगणार नाही. मला मरायचं नव्हतं, एवढंच वाटलं. मग कधीतरी हात वर करून होडीच्या बुडावर थापा मारायच्या, हे आठवलं. मारल्या.

वरून धप्प आवाज आला, होडी गदगदली आणि मी खांद्यापासून उजेडात आले. दीक्षा माझ्या होडीवर आडवी पडलेली, दात आवळलेले, दोन्ही हात कडेला. मी तिच्या जॅकेटला धरलं ते काठ येईपर्यंत सोडलं नाही.

गौरी पाण्यात धावत आली. तिचा चेहरा उतरला होता. "पट्टी का नाही ओढलीत?" तिने ओढणी सोडली. कव्हरच्या पुढच्या कडेला पट्टी नव्हती. जिथे ती असायला हवी तिथे शिवणीलगत सफाईदार कापलेलं होतं. मुस्कानने काठावरचा ढीग उलटापालटा केला. सगळी तशीच.

"मी कापल्या," दीक्षा म्हणाली. तिने लपवलं नाही, कारण तिला अजून समजलं नव्हतं. "लटकत होत्या. लटकता माल शेठ परत मारतो. सगळे म्हणतील आईने अर्धवट काम दिलंय, म्हणून साफ केल्या."

मग गौरीने तिला पट्टी कशासाठी असते ते सांगितलं. मी आयुष्यात कोणाचा चेहरा असा मिटताना पाहिला नाही.

"सामान भर," गौरी शेवटी म्हणाली. "उद्या आईला बोलावते."

पडवी

रात्रीची भाकरी तशीच राहिली. हिराबाई "पोरीनं बाय वाचवली आन् तिलाच घरी धाडता काय?" असं मोठ्यांदा म्हणाल्या आणि चूल विझवायला गेल्या.

दीक्षा पिशवी भरून बसली होती. "बाई, कॉलेज पण गेलं ना आता?"

मी उठले आणि गौरीकडे गेले. म्हटलं, मलाही घरी पाठव. ओढणी माझी, न बघता हो म्हणणारी मी.

"तुम्हाला कसं पाठवू?"

"मग तिला कसं पाठवतेस?"

गौरीने दोर गुंडाळून बाजूला ठेवला. "बाई, तुमच्यानंतर मुस्कान बसणार होती. मग बाकीच्या. एवढ्या आईबापांनी माझ्या भरवशावर पोरी पाठवल्यात. आज मी नियम मोडला तर उद्या तो कोण पाळेल?" मग हळू म्हणाली, "तुम्ही वयाने मोठ्या म्हणून मी ओढणी राहू दिली. तिथे मी पण चुकले. मला कळतंय. पण काय करू ते कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. ती कठोर नव्हती, आणि बरोबर होती. भांडायला माणूस चुकीचा असावा लागतो.

लताबाई

सकाळी लताबाई वांगणीहून रिक्षाने आल्या. फोनवर काय ऐकलं होतं कोण जाणे, चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग दीक्षाला पाहिलं, मग कव्हरं मागितली. एकेक हातात घेऊन कापलेली कड अंगठ्याने चाचपली.

दीक्षा भिंतीला टेकून उभी होती. आता हिला मार बसणार असं मला वाटलं आणि मी पुढे झाले.

"मॅडम," लताबाई गौरीला म्हणाल्या, "कापलं हिनं. पण शिकवलं मी. एवढीशी होती तेव्हापासून हिच्या हातात कात्री मी दिली. लटकतं ते काप, लटकतं ते काप. दुसरं काय सांगितलंच नाही कधी. आणि ही पट्टी कशाला असते ते तुम्ही मला पण नव्हतं सांगितलं. मी नुसता नमुना बघून शिवली. मला सांगितलं असतं तर मी हिला सांगितलं असतं."

गौरीने मान खाली घातली. "बरोबर आहे."

"दाभण आहे का इथं कोणाकडे?"

हिराबाईंकडे पोती शिवायचा दाभण होता. जाड दोरा लताबाईंनी येताना आणलाच होता. कापलेल्या पट्ट्या पुन्हा शिवायला आखूड पडत होत्या, म्हणून मुस्कानने तडक आपल्या सॅकचे बंद कापून पुढे केले, मग दुसऱ्या पोरींनी आपापले. घरी काय सांगणार, विचारलं तर मुस्कान म्हणाली, "बोलूंगी नदीने लिया." लताबाई पडवीत मांडी घालून बसल्या आणि टाके घालत गेल्या. दीक्षा शेजारी बसून दोरा ओवून देत होती. प्रत्येक पट्टी झाली की लताबाई कव्हरवर पाय देऊन उभ्या राहायच्या आणि दोन्ही हातांनी पट्टी उपसायच्या, मानेच्या शिरा फुगेपर्यंत.

"झालं," त्या दुपारी म्हणाल्या. "आता पाण्यात कोण बघणार?"

"जिने कापल्या ती," गौरी म्हणाली. "तिची तयारी असेल तर. आणि तुमची."

लताबाईंनी हे अपेक्षिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? कालचं हिरवं पाणी माझ्या कानात अजून होतं. मी म्हटलं, "गौरी बाजूला उभी असेल. मी पण असेन." आणि खरोखरच मी डोहात उतरले, कमरेपर्यंत, ओढणीशिवाय.

दीक्षाने कव्हर बसवलं. पट्टी बाहेर काढून गौरीला दाखवली, मग आईला दाखवली. श्वास घेतला आणि मुद्दाम उलटली.

होडीचं पालथं बूड तेवढं दिसत होतं. पाणी शांत झालं. मला खालचं सगळं दिसत होतं, न दिसताही. माझ्या शेजारी पाणी हललं म्हणून पाहिलं तर लताबाई साडीसकट मांड्यांपर्यंत नदीत आल्या होत्या आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

फट्ट आवाज झाला. दीक्षा होडीच्या पलीकडे वर आली, केस तोंडावर, खोकत आणि हसत. "आई, पट्टी पक्की आहे!"

"पट्टी गेली खड्ड्यात!" लताबाई ओरडल्या. "नाकात पाणी गेलं का तुझ्या?"

गौरीने तिला ठेवून घेतलं. नियमाचं काय, असं कोणातरी पोरीने विचारलंच. गौरी म्हणाली, नियमात एक ओळ कमी होती, सामान कशासाठी आहे ते आधी सांगायचं, आणि ती चूक माझी. मग ती लताबाईंना बाजूला घेऊन शनिवार-रविवारच्या कामाबद्दल बोलली. मी कान देऊन होते. दीक्षाला घ्यायला मी तयार आहे, ती म्हणाली. लताबाईंनी पदर पिळला.

"घरी बोलते," एवढंच म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

बदलापूर

खडकांमधल्या त्या गरगरत्या पाण्याला पोरींनी मिक्सर नाव ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी मिक्सरमधून उतरायचं, मग संथ पाण्यातून वल्हवत बदलापूरला पोचायचं आणि काठावर घरचे लोक घ्यायला येणार.

मी हिराबाईंबरोबर काठाने चालत होते. गौरी खाली पाण्यात उभी राहिली आणि पहिली दीक्षा सुटली. पांढऱ्या पाण्यात ती दिसेनाशी झाली, हेल्मेट वर आलं, पुन्हा गेलं, होडी आडवी झाली आणि मला वाटलं, गेली. तिने वल्हं पाण्यात रोवलं, होडी वळवली आणि खालच्या संथ पाण्यात येऊन लगेच तोंड फिरवून उभी राहिली, मागच्यांसाठी. मुस्कान ओरडत आली आणि उलटून बाहेर पडली. पट्टी ओढली होती. दीक्षाने तिला आपल्या होडीच्या टोकाला धरून काठाला आणलं. अशा एकामागून एक सगळ्या उतरल्या. हिराबाई प्रत्येकीला नावाने हाक मारून शाबासकी देत होत्या, नावं चुकीची, पण आवाज खणखणीत. त्यांच्या नदीवर पोरी खेळताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्या, असं त्या मला म्हणाल्या. एरवी इथे बायका धुणं घेऊन येतात आणि पोरं पोहायला.

मी टेम्पोने पुढे जाऊन बदलापूरच्या काठावर उभी राहिले. पालक आले होते. मुस्कानचे अब्बा मोबाइल आडवा धरून तयार होते. होड्यांची रांग वळणावर दिसली आणि काठावर एकच आवाज उठला. सगळ्यांत पुढे दीक्षा. ती वल्हवत होती आणि काठावरचे चेहरे शोधत होती. तिच्या घरचं कोणी नव्हतं.

होड्या वर ओढल्या. पोरींना त्यांच्या आया टॉवेलने पुसत होत्या, रागावत होत्या, चकल्या भरवत होत्या. दीक्षा जॅकेटं गोळा करत राहिली. मी तिच्याजवळ गेले. माल आला असेल, मी म्हटलं, उशीर होत असेल. ती म्हणाली, "हो, बाई," आणि पुढचं जॅकेट उचललं. तिला ते इतकं सहज पटलं की मीही वाकून जॅकेटं उचलू लागले.

टेम्पो भरत आला तेव्हा लताबाई रस्त्यावरून भराभर उतरताना दिसल्या. घामाघूम, हातात माल पोचवून रिकामी झालेली पिशवी. त्या लेकीकडे गेल्या नाहीत, सरळ गौरीसमोर येऊन उभ्या राहिल्या. दीक्षाच्या हातातली जॅकेटं तिथेच थांबली.

"सोमवारी हिचं कॉलेज असतं," लताबाई म्हणाल्या. "रविवारी दिवेलागणीच्या आत घरी पाठवत जा."

गौरीने मान हलवली. दीक्षाने जॅकेटं टाकली आणि ओल्या अंगाने तशीच आईला मिठी मारली. "अगं साडी, साडी भिजली माझी," लताबाई ओरडत राहिल्या, पण हात काही सोडवून घेतले नाहीत.